अकरा फुल्या

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं, संपलं, सापडले मी. माझ्या टेबलापासून त्यांच्या दारापर्यंत दहा-बारा पावलं असतील, पण मी मध्येच भिंतीला हात लावून उभी राहिले. मी मुळात घाबरट. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही. डॉक्टरांनी जीभ दाखवा म्हटलं तरी मला घाम फुटतो. असल्या बाईने दोन नावांनी जगायचं धाडस कसं केलं, ते आधी सांगते.

आमची कंपनी दवाखान्यात लागणारे पंप बनवते. सलाईनच्या नळीला जोडलेला हा डबा ठरलेल्या वेळी ठरलेलं औषध आत सोडतो. माझं काम तपासणीचं. तयार पंप ओळीने टांगायचे, खाली मोजपात्र ठेवायचं आणि औषध बरोबर सुटतंय का ते बघून कागदावर लिहायचं. एकोणीस वर्षं हेच करतेय. विभागात आम्ही नऊ जण, वर साहेब. सगळे मला ताई म्हणतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले स्टोअरचे काकासुद्धा ताईच म्हणतात.

पंपाच्या आतलं सॉफ्टवेअर मात्र आमच्या कंपनीचं नाही. ते कुणा एकाचंच नाही. ठिकठिकाणचे लोक मिळून ते लिहितात. कुणीही वाचावं, चुका काढाव्यात, दुरुस्ती करून पाठवावी. कंपन्या तेच फुकटात उचलून आपापल्या यंत्रात घालतात. मोजपात्र भरेपर्यंत मला हातावर हात धरून बसावं लागायचं, म्हणून मी ते वाचायला लागले. वर्षभर काही म्हणजे काही कळलं नाही. मग हळूहळू कळायला लागलं. पहिल्यांदा दुरुस्ती पाठवताना तिथे नाव विचारलं, तेव्हा मी घाबरले आणि 'ठिगळ' असं लिहून मोकळी झाले. आदल्या दिवशी आईच्या गोधडीला ठिगळ लावलं होतं, तेच डोक्यात होतं.

सात वर्षांत ठिगळच्या नावावर चारशेच्या वर दुरुस्त्या जमल्या. खडू, पाचवा, उलटी छत्री असल्या नावांची माणसं तिथे होती. कुठे काही अडलं की ती म्हणायची, "ठिगळ काय म्हणतो ते आधी बघा." मला पुरुष समजायची. समजू देत, मी काही बोलले नाही. पण विभागात ज्या बाईला कुणी मत विचारत नाही, तिला दुपारी एक ते दीड अर्धा तास कुणीतरी विचारतंय, याचं सुख मी डब्याबरोबर खायची.

गेल्या वर्षी माझ्या हातून एक धांदरटपणा झाला. तीन पंप बंद करायचे राहिले आणि कपाटामागच्या टेबलावर चालूच राहिले. एकोणपन्नासाव्या दिवशी त्यांच्या आतल्या घड्याळाचे आकडे संपले आणि ते पुन्हा शून्यावर आलं. पंपांना वाटलं, औषध अजून दिलेलंच नाही. नुकताच एक डोस सोडलेल्या त्या तिन्ही पंपांनी माझ्या डोळ्यांदेखत लगेच दुसरा सोडला. मी मीटिंगमध्ये सांगितलं. साहेब म्हणाले, "एकोणपन्नास दिवस पंप कोण चालू ठेवतं हो ताई? तुमच्याशिवाय?" सगळे हसले. मीही हसले, त्याची लाज मला अजून वाटते. कारण महिनोन्महिने न उठणारे पेशंट असतात आणि त्यांच्या उशाशी लावलेला पंप कुणी बंद करत नाही.

मग ठिगळने आठ ओळींची दुरुस्ती पाठवली आणि खाली कारण लिहिलं. त्या लोकांच्या प्रोजेक्टने ती घेतली. दुसऱ्या दोन कंपन्यांनीही घेतली. आमच्या कंपनीने नाही घेतली. पुढे एका मोठ्या दवाखान्याने ते कारण वाचलं आणि आमच्या कंपनीला पत्र टाकलं, की तुमच्या पंपात हा दोष आहे का ते लेखी कळवा.

त्याच आठवड्यात प्रोजेक्टमध्येही ठिणगी पडली. तिथला जो मुख्य, ज्याला सगळे राखणदार म्हणतात, त्याने नवा नियम मांडला. यंत्र आजारी माणसाच्या उशाशी चालतं, त्यात हात घालणारा कोण हे दवाखान्यांना कळायलाच हवं. महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाने खरं नाव लावावं. न लावणाऱ्यांचं काम काढून टाकून नव्याने लिहिलं जाईल. खडू चिडला. त्याने लिहिलं, "ज्याला नाव सांगायची भीती नसते त्यालाच असले नियम सुचतात." राखणदाराने उत्तर दिलं, "भीती मलाही कळते. पण उद्या कुणी दगावलं तर मी काय सांगू, हे खडूने लिहिलं म्हणून?" दोघांचंही मला पटत होतं, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

तर, केबिन.

"दार लावा," साहेब म्हणाले. त्यांच्या पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांची चादर पसरली होती. मी ती लगेच ओळखली. ठिगळने ज्या दिवशी काम केलं तो चौकोन हिरवा, केलं नाही तो पांढरा.

"हा कोण ठिगळ आहे, तो आपल्यातलाच आहे," साहेब म्हणाले. "दवाखान्याचं ते पत्र त्याच्यामुळे आलं. काम बघा, रोज एक ते दीड. आपली जेवणाची सुट्टी. आणि हे बघा." त्यांनी बोट ठेवलं. मार्च महिन्यात अकरा चौकोन सलग पांढरे होते. "हे अकरा दिवस तो गायब होता. रजेची वही आणा. ऑफिसातून मागवलं तर बोभाटा होईल. तुम्हाला यातलं काही कळत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय."

मार्चमध्ये आई न्हाणीघरात घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी अकरा दिवस तिच्या खाटेजवळ होते.

रजेची वही म्हणजे आमच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेली साधी वही. मीच ती ठेवते. नावं हाक मारायची तीच, काका, लांब्या, ताई, आणि गैरहजेरीला पेन्सिलने फुली. मी वही घेतली आणि स्टोअरमध्ये गेले. काका जेवायला गेले होते. खोडरबर घेऊन मी 'ताई'समोरच्या अकरा फुल्या खोडल्या आणि एप्रिलमध्ये नेऊन काढल्या. घाईत एक फुली दोनदा काढावी लागली. मी फक्त माझीच ओळ बघत होते. वर कोण, खाली कोण, काही बघितलं नाही.

अर्ध्या तासात साहेबांनी लांब्याला आत बोलावलं.

लांब्या आमच्या प्रोग्रॅमिंगच्या खोलीतला. पावणेसहा-सहा फूट उंच, दारातून येताना उगाचच मान खाली घालणारा. वहीत त्याची ओळ माझ्या बरोबर खाली आणि मार्चमध्ये त्याच्याही सलग अकरा फुल्या. त्याची बायको त्याच दवाखान्यात बाळंत झाली होती, वरच्या मजल्यावर. तो रोज सकाळी खाली हाडांच्या वॉर्डात थर्मास घेऊन यायचा. आधी आईला चहा, मग मला. हे सगळं मला माहीत होतं. भीतीच्या पायी ते माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं.

तो बाहेर आला तेव्हा चेहरा उतरला होता. माझ्या टेबलाजवळ थांबला. मी मोजपात्राकडे बघत राहिले.

"सोमवारपर्यंत वेळ दिलाय," तो म्हणाला. "कबूल केलं तर राजीनामा, नाही केलं तर चौकशी. वही दाखवली मला."

"हो का," मी म्हटलं.

"ताई, आई कशा आहेत? काठीशिवाय चालतात?"

"चालते थोडं."

"अकरा दिवस होतात ना तुम्ही खाली. मला आठवतंय." तो हळू आवाजात बोलत होता. "मी आत काही बोललो नाही. बोलणारही नाही. तुमचं तुम्ही बघा."

एवढं बोलून तो गेला. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मग मला त्याचा राग तरी येऊ शकला असता.

आम्ही राहतो ती खोली कंपनीची. नोकरी गेली की महिन्याभरात खोली रिकामी करायची, असं कागदावर लिहून दिलेलं आहे. खिडकीखाली आईची खाट, भिंतीला धरून चालायला लावलेला लाकडी दांडा, तोही मी स्क्रू मारून बसवलेला. शनिवारी दिवसभर मी त्या दांड्याकडे बघत होते. हा काढून दुसरीकडे नेता येईल का, तिथली भिंत पोकळ निघाली तर, असले विचार. जिन्यात पाऊल वाजलं की धस्स व्हायचं.

रविवारी दुपारी आई म्हणाली, "तुला काय झालंय? भाजीत दोनदा मीठ घातलंस."

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे फार मोठं असतं." ती पाय हलवायचा व्यायाम करत होती, दर पाचव्या वेळी थांबून. "त्या लांब मुलाची पोर आता बसायला लागली असेल, नाही? मला वाटायचं, हा माणूस माझ्यासाठी वाकतो तर याची पाठ दुखत असेल. गरम चहा आणायचा बापडा. तू विचारलंस का कधी, पोर कशी आहे?"

मी विचारलं नव्हतं. शुक्रवारी तो माझ्या आईबद्दल विचारत होता, तेव्हासुद्धा विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी राखणदाराचा निरोप आला. 'ठिगळ, तू अजून नाव लावलं नाहीस. तुझ्या त्या आठ ओळी काढायला माझा हात धजत नाही. पण नियम मीच केलाय.' मी निरोप तीनदा वाचला आणि फोन उशीखाली सारला. मनात आलं, काढू देत त्या ओळी. ठिगळ नाहीसा होईल, कुणाला पत्ता लागणार नाही, मी उद्या पंप टांगीन. मग लक्षात आलं, ठिगळ नाहीसा झाला तरी साहेबांच्या टेबलावरची वही नाहीशी होणार नाही. त्यांना कुणीतरी ठिगळ हवाच आहे आणि मी तो लांब्याच्या मापाचा करून दिलाय.

सोमवारी सकाळी केबिनचं दार ढकललं, तेव्हा लांब्या साहेबांसमोर उभा होता. टेबलावर टाइप केलेला राजीनामा होता, त्यावर पेन.

"ताई, नंतर या," साहेब म्हणाले.

"ठिगळ मी आहे," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं.

साहेब हसले. मीटिंगमध्ये हसले होते तसेच. "ताई, मन मोठं आहे तुमचं. पण असं दुसऱ्याचं अंगावर घेऊ नये."

वही टेबलावरच होती. मी ती उघडली आणि मार्चचं पान त्यांच्यासमोर उजेडात धरलं. खोडलेल्या जागी कागद खरखरीत झाला होता आणि फुल्यांचे वळ दिसत होते. "माझी आई दवाखान्यात होती. हे मी खोडलं, शुक्रवारी, तुम्ही वही मागितल्यावर."

साहेबांनी पानावरून अंगठा फिरवला. "ठीक आहे, रजा तुमचीही होती. पण ते काम? ते तुम्हाला कसं येईल?"

लांब्या खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"तुमचा संगणक द्या," मी म्हटलं.

ते उठले नाहीत, पण खुर्ची बाजूला सरकवली. मी उभ्यानेच पासवर्ड टाकला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा ठिगळचं पान उघडलं, ती हिरव्या चौकोनांची चादर, आणि वर 'बदल करा' असं बटण, जे फक्त पानाच्या मालकाला दिसतं. साहेब पुढे झुकले. आता ते हसत नव्हते.

नावाच्या चौकटीतलं 'ठिगळ' मी एकेक अक्षर करून पुसलं. मग माझं नाव लिहिलं. माझं, वडिलांचं आणि आडनाव. शेवटचं कधी लिहिलं होतं ते आठवेना, बहुतेक आईच्या ऑपरेशनच्या कागदावर. बटणावर बोट ठेवलं आणि ते उचलून पुन्हा ठेवलं. खोली, आईचा दांडा, ही माझी लेखी कबुली, एकदा दाबलं की हे परत घेता येणार नव्हतं. दाबलं.

पान नव्याने उघडलं. चारशेच्या वर दुरुस्त्या आणि प्रत्येकीसमोर माझं नाव. त्या आठ ओळींसमोरही. सात वर्षांचं माझं काम एका पानावर असं मी पहिल्यांदाच बघत होते.

साहेबांनी चष्मा लावला. पडद्याजवळ जाऊन नाव हळूहळू, तोंडातल्या तोंडात वाचलं. मग वळून त्यांनी लांब्याला विचारलं, "हे कोण?"

लांब्यालाही माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"मी," मी म्हटलं. टेबलाची कड धरली आणि माझं पूर्ण नाव त्यांना तोंडाने सांगितलं.