पाणी आन व

बोटभर उंचीचा पेला, आणि त्याच्या काठाशी अडकलेला एक बुडबुडा... फुटेचना. सत्यभामा त्याच्याकडेच बघत राहिली, म्हणजे पिणं तेवढंच लांबेल. अमरावती कॅम्पातलं हे पारशाचं हॉटेल, एरवी कमिशनर कचेरीतले साहेब इथं बसत. आज रविवारच्या दिवेलागणीला पडद्याआडच्या टेबलाशी ती आणि जानराव. तू तापातून उठली, एकदा बाहेर जेवू — नवऱ्यानं टुमणंच लावलं होतं. वैद्याचं द्राक्षासव चालतं, मग वाइनीनं काय घोडं मारलं?

खानसामा इनायतुल्ला दर मोसमात त्यांच्याच बागेतली संत्री नेई. त्यानंच असे तीन पेले मांडले होते. "वयनी, हे पोर्ट, हे शेरी. अन् हे आमच्या शेठनं घरी बनवेल, तुमच्याच संत्र्याचं."

पहिला घोट... पाणी. दुसरा, तेही पाणीच. "छान आहे," ती म्हणाली. तीन महिने ती सगळ्यालाच छान म्हणत होती. तापानं जिभेची चव नेली होती, आणि हे तिनं जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. अंजनगावला बापाच्या बागेत फोड तोंडात टाकून झाड ओळखणारी पोर ती — विहिरीजवळचं की बांधावरचं, पैजा लागत! तीच आता वरणात मीठ भीतभीत टाकते, कमीच टाकते. चवच गेली तर मी कोण? जानराव बिचारे मुकाट जेवत. पहिल्या घासाला तेवढं "पाणी आन व" म्हणत, तांब्या भरलेला असला तरी.

तिसरा पेला. घोट घशाखाली उतरला, आणि मग मागून, सावकाश, जिभेच्या मुळाशी — कडू. कडू!

ती गर्रकन इनायतुल्लाकडे वळली. "सालीचा पांढरा भाग राहिला हो यात! अन् फळं आमच्या बांधावरच्या झाडाची आहेत."

"या अल्ला!" इनायतुल्लानं कपाळाला हात लावला. "मीच सोलले, घाईघाईत. बराबर वळखलं वयनी!"

तिला अनावर भूक लागली. वळून तिनं सरळ जानरावांच्या बशीतलं कटलेट तोडून तोंडात टाकलं.

"आवो, हे तं खारट झालं!"

जानरावांचा हात कोटाच्या खिशाशी थबकला. बोटांत कागदाची उघडी पुडी, तिच्यात मीठ — समोर हॉटेलातली मिठाची शिशी असताना.

"सवय पडली," ते ओशाळून म्हणाले. "तुई पाठ फिरली का हात जाते."

पाठ फिरली की... मी पाणी आणायला उठले की... तीन महिने, दोन्ही वेळा! आणि मी समजत होते, लपवते ती मी एकटीच. तिला हसू फुटलं ते आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काहून हासून राहिली? चढली काय?"

"चढू द्या."

उद्या वरणात मीठ बरोबर पडेल. मग हे पाणी मागायचं सोडतील का?... नको, मागावं त्यांनी. मी उठेन, आणि तांब्या भरायला उगाच वेळ लावीन. सत्यभामेनं पुडी त्यांच्या हातातून घेतली, नीट घडी घालून बंद केली आणि परत त्यांच्या खिशात ठेवून दिली.