घंटी वाजेपर्यंत

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक जुना टायमर. डोकं पिळलं की टिकटिक करतो, वेळ संपली की बोंबलतो. याहून जास्त अक्कल कारखान्याने माझ्यात भरली नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला विकत आणलं. पण शेगडीजवळ मी फार दिवस राहिलो नाही. त्यांच्या लेकीची इंग्रजीची प्रवेश परीक्षा आली. व्याकरण सोडवा, उतारे वाचा, चार पर्यायांतला एक निवडा, आणि हे सगळं घड्याळाच्या धाकात. पोरगी हुशार होती, पण घरी मला लावून सराव करताना शेवटचा उतारा दर वेळी राहून जायचा.

"कुणी बोललं की माझी ओळ सुटते," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग घंटी वाजेपर्यंत या घरात कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा."

"तुला जमेल?"

"तोंडात टाचण्या धरून बसते."

तेव्हापासून मला पिळलं, की आई मशीन थांबवायची आणि हाताने काज-बटणं करत बसायची. मला ती 'मास्तर' म्हणायची. एकदा घंटी वाजल्यावर लेकीने विचारलं, "आई, यातलं चुकीचं वाक्य कुठलं गं?"

"मला नको विचारूस. मला चारही सभ्य दिसतात."

दोघी हसत सुटल्या. तेच माझे सुखाचे दिवस.

मग ती दुपार आली. लेक पाठमोरी, टेबलाशी. आई दाराजवळ, मांडीवर सदरा. मी खिडकीत. आईच्या हातातली सुई निसटली. तिने छाती दाबली. कपाळावर घाम फुटला. तिने तोंड उघडलं, लेकीच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सदऱ्याची कॉलर दातांत धरली. मित्रांनो, मला लवकर वाजता येत नाही.

शेवटी वाजलो.

"आई, झालं. आज शेवटचा उताराही संपला," लेक म्हणाली आणि वळली.

डॉक्टर म्हणाले, "दुखू लागल्याबरोबर हाक मारायला हवी होती त्यांनी. वाचल्या असत्या." मावशी म्हणाली, "एकदा तरी मान वर करायचीस गं." त्या दिवशीचं पोरीचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. शेजारचं माणूस विसरल्याशिवाय जी पूर्ण होत नाही, तिला हे लोक वाचनाची परीक्षा म्हणतात. मला भांड्यांच्या दुकानात परत ठेवा, पण याला वाचन म्हणायला सांगू नका.

परीक्षेला ती गेलीच नाही. आता मी मशीनच्या खणात, रिकाम्या रिळांमध्ये पडून असतो. कधीतरी ती मला काढते, पिळते, आईच्या जागी जाऊन बसते. वाजायची वेळ आली की मला मुठीत घट्ट दाबून धरते.

मित्रांनो, अभ्यास करा, खूप करा. पण मध्येच मान वर करा. घरात कुणाला हाक मारायची असेल, तर त्याला माझ्या घंटीची वाट बघायला लावू नका.