मामांनी दिलेली नोट

चष्मेवाल्याला नोटांचा नाद लहानपणापासूनचा. नोट हातात आली की तो आधी नंबर बघायचा, मग किंमत. सगळे आकडे सारखे, किंवा दोन्हीकडून वाचले तरी तेच राहणारे, असा नंबर दिसला की स्वारी खूश. गिऱ्हाईक नवा चष्मा घालून आरशात मान वळवत असे, तेवढ्यात हा त्याच्या नोटा चाळून घेई. बायको म्हणायची, "आपल्या गल्ल्यात पैसे कमी आणि पाहुणेच जास्त. एकाला बाहेर काढायची सोय नाही."

सगळ्यात लाडकी नोट मामांनी दिलेली होती. ७०८८०७. करकरीत, घडीसुद्धा न पडलेली. आईवडील गेल्यावर मामांनीच त्याला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, बँकेची रोकड नेणारी गाडी चालवली आणि त्याला शिकवलं. गावाकडची जमीन विकून दुकान काढून दिलं. दुकान उघडलं त्या दिवशी त्याच्या खिशात नोट सरकवत म्हणाले, "बारक्या, तुझ्यासाठीच ठेवली होती. दाखवत फिरू नकोस, नजर लागेल."

त्याने इतकी वर्षं ऐकलं. पण संग्राहकांच्या ग्रुपवर कुणीतरी असल्याच नोटेची फुशारकी मारली आणि याला राहवलं नाही. त्यानेही फोटो टाकला.

आठवड्याने दोन माणसं दुकानात आली. एकाने फ्रेमा बघितल्या, दुसऱ्याने ओळखपत्र काउंटरवर ठेवलं. तो पोलीस अधिकारी होता.

"ती नोट बघू जरा."

चष्मेवाल्याने कौतुकानेच काढून दिली. अधिकाऱ्याने नंबर वाचला, सोबत्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कोऱ्या बंडलांचे नंबर बँकेकडे असतात. ही रोकडगाडीच्या दरोड्यातली आहे. इतक्या वर्षांत त्यातली ही पहिलीच सापडली. कोणी दिली?"

तो दरोडा चष्मेवाल्याला चांगला माहीत होता. गाडी मामाच चालवत होते. मामांच्या डोक्याला टाके पडले होते आणि त्यांच्या शेजारी बसलेला पहारेकरी जागच्या जागी गेला होता.

"गिऱ्हाईकाकडून आली असेल," तो कसाबसा बोलला. "लक्षात नाही."

"नंबर पाठ आणि माणूस लक्षात नाही?" अधिकारी म्हणाला. नोट पाकिटात घालून, काउंटरवर फोन नंबर ठेवून दोघे निघून गेले.

दुकान तसंच बायकोवर टाकून तो मामांकडे धावला. मामा शेंगा सोलत बसले होते.

"ये रे. जेवलास का?"

"मामा, ती नोट कुठून आणली होती?"

मामांचे हात थांबले. त्यांनी 'कुठली नोट' असं विचारलं नाही.

"कुणाला दाखवलीस?"

"पोलीस आले होते."

मामांनी हातातली शेंग ताटात टाकली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मी फक्त वाट सांगितली होती. कोणत्या वळणावर गाडी हळू होते ते. पहारेकऱ्याला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. त्याने बंदूक उचलली."

"आणि तुमचे टाके?"

"डोक्यात मारायला मीच सांगितलं होतं. संशय येऊ नये म्हणून." मामांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "वाटणीची बंडलं लांबच्या बाजारात खपवली. खपवताना हा नंबर दिसला. तुझा चेहराच डोळ्यांसमोर आला रे."

चष्मेवाल्याने विचारलं, "आणि जमीन?"

"कसली जमीन? माझ्याकडे कधी होती?"

ज्या दुकानावर त्याचं घर चाललं, ते दुकान! मामांनी त्याचा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसाच घट्ट.

"गिऱ्हाईकाने दिली हेच सांगत राहा. माझे राहिलेत किती दिवस? बारक्या, मी तुझ्यासाठी केलं."

त्या शब्दांनी त्याला शिसारी आली आणि रडूही आलं. त्याने हात सोडवून घेतला, अंगणात गेला आणि अधिकाऱ्याला फोन लावला. पहिल्यांदा नुसताच पत्ता सांगितला.

मामांनी कोर्टात सगळं कबूल केलं. शिक्षा झाली. जाताना त्यांनी भाच्याकडे बघितलं, पण याची मान वर झाली नाही.

दुकान विकून आलेले पैसे घेऊन तो पहारेकऱ्याच्या बायकोकडे गेला. सगळं सांगितलं. बाई दारातच उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या तेराव्याला मामा येऊन ढसाढसा रडले होते, तेव्हा बाईंनीच त्यांना पाणी दिलं होतं.

"मीच त्यांना धीर दिला हो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.