आधी आनंद, मग भीती

भांड्यावरचं झाकण खडखडलं आणि मी लेखणी खाली ठेवली. विस्तवावर टांगलेली मक्याची पेज उतू जात होती. पाळण्यातला असाहेल हललाही नाही.

तीन ओळी झाल्या होत्या. देवाची कृपा माझ्या मनात कशी उतरली, ते लिहायचं होतं. नव्या पाद्रीसाहेबांना ते पटलं तरच असाहेलचा बाप्तिस्मा होणार होता. जुने पाद्री होते तोवर आईबाप नीट वागतात, प्रार्थनेला येतात, एवढं पुरायचं. आमच्या थोरल्या तिर्झाचा तसाच झाला. तिच्या पाठची मुलगी रविवार उजाडायच्या आतच गेली, बाप्तिस्म्याचं पाणी न लागता. बाप्तिस्म्यानं कुणी तरत नाही, हे मला लहानपणापासून पाठ आहे. तरीही.

"माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही," नवरा म्हणाला होता. "तुझं तू बघ."

शेजारच्या केझायाकाकू खमीर मागायला आल्या, त्यांनी कागद पाहिला.

"अगं, सोपं आहे. आधी नरकाची भीती, मग सगळी आशा सुटते, मग उजेड. क्रम तेवढा चुकवू नकोस. माझंच घे की! मधलं बायबलचं वचन बदल, झालं. मला चर्चचं सभासद करून घेतलं, तेव्हा हे ऐकून तिथले म्हातारे डोळे पुसत होते."

"पण काकू, तुमचं खरंच तसं झालं होतं?"

"इतक्यांदा सांगितलंय, आता झालंच असणार."

मी त्यांचंच उतरवून घेतलं. गुरुवारी बाळाला कुशीत घेऊन, तिर्झाला हाताशी धरून पाद्रीसाहेबांकडे गेले.

त्यांनी कागद उलटा ठेवला. "तोंडानं सांगा, बाई. घाई नाही."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिर्झाला बसायला स्टूलही दिलं. त्यामुळेच असेल, मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, "हा जन्मला त्या सकाळी खिडकीतून बर्फ दिसत होतं. सगळं जग देवानं आत्ताच केलंय, असं वाटलं. फार आनंद झाला. भीती नंतर आली. या आनंदाच्या मी लायकीची नाही, अशी."

"आधी आनंद?"

"हो."

"आणि पापाची जाणीव?"

"ती मागून."

त्यांनी उलटा कागद बाजूला सरकवला. "भीतीनं मन नांगरलं जातं, मग कृपा रुजते. नांगरण्याआधी जे उगवतं ते बहुधा तण असतं. तुमचं तसंच आहे, असं मी म्हणत नाही. पण मला खात्री नाही, आणि खात्रीशिवाय मी पाणी लावणार नाही. वसंतात पुन्हा या."

"तोवर याला काही झालं तर?"

"तो देवाच्या हातात आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा खाली आला होता.

परतताना बर्फ पायाखाली करकरत होतं. मी असाहेलला शालीच्या आत घेतलं. तिर्झा अर्ध्या वाटेत थांबली.

"आई, माझ्या वेळी तू काहीच सांगितलं नव्हतंस. तरी मला पाणी लावलं. मग तेव्हा देव चुकला, की आता चुकतोय?"