सरळ केलेला डोळा

वसईच्या पाचूबंदरातल्या आग्नेलला लाकडात माणसं दिसायची. बाप होडीवर जायचा आणि हा मोडक्या होड्यांच्या फळ्या घरी ओढून आणून त्या कोरत बसायचा. चर्चमधली वेदी दुरुस्त करणाऱ्या मामाने त्याला पटाशी धरायला शिकवलं. लग्नानंतर वर्षभरात बडोद्याच्या एका वृद्ध शिल्पकाराने त्याचं काम पाहिलं आणि तो म्हणाला, "दोन वर्षं माझ्याकडे येऊन राहा. जेवणखाण माझं. पुढचं तुझं तू बघशील."

आग्नेलने बॅग भरली. त्याच आठवड्यात समुद्रावर बापाच्या छातीत कळ आली, आणि होडीने त्याचं प्रेत किनाऱ्याला आणलं. आग्नेलची बायको एलिसा तेव्हा पोटुशी होती. "पुढच्या वर्षी येतो," असं आग्नेलने बडोद्याला कळवलं आणि वालीवच्या एका गाळ्यात मॉड्युलर किचनची दारं बनवायला लागला. पुढचं वर्ष पुढेच जात राहिलं. मग शिल्पकार वारला, आणि कोणाला काही कळवायचं उरलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एक दिवस मालक अल्पेशशेठ म्हणाला, "तू कोरतो ना? वसईत ख्रिश्चनांच्या घरी येशूचं शेवटचं भोजन लागतं. एक मस्त सॅम्पल बनव. मशीन त्याच्या कॉप्या काढेल. ड्युटीच्या टायमातच बनव."

आग्नेलने सागवान निवडलं. ते सगळे महिने तो घरी शीळ घालत यायचा. टेबलाच्या टोकाला बसलेल्या शिष्याला त्याने बापाचा चेहरा दिला. ऊन आणि खारा वारा खाऊन अर्धवट मिटलेला बापाचा डावा डोळा कोरून झाला, तेव्हा तो पटाशी खाली ठेवून नुसता बघत राहिला.

नाताळच्या आधी कॉप्या निघाल्या. त्याने एक उचलून पाहिली आणि मशीनवरच्या मितेशला विचारलं, "हा डोळा कोणी बदलला?"

"मीच. एक बारीक झाला होता तुझ्याकडून. कॉम्प्युटरवर सरळ केला. कोणाला सांगितलं नाही, टेन्शन घेऊ नको."

आग्नेल तडक केबिनमध्ये गेला. शेठच्या खुर्चीमागे मूळ काम टांगलेलं होतं.

"शेठ, तो माझा बाप होता."

अल्पेशशेठला खरोखरच वाईट वाटलं. "आधी बोलायचं ना! पण कस्टमर डिफेक्ट समजून परत आणेल, भाई."

"मग हे तरी मला द्या."

"ते कसं देणार? लाकूड कंपनीचं, टाइम कंपनीचा. तू असं कर, उद्यापासून डिझायनर हो. एसीत बस."

घरी येऊन आग्नेल म्हणाला, "मी काम सोडतो."

एलिसा भाकरी थापत होती. "सोड. मी अडवनार नाय. पन मग काय करशील, ता सांग."

ती रडली असती, भांडली असती, तर निदान तिच्यावर खापर फोडता आलं असतं. तिने तेवढीही सोय ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी तो एसीत जाऊन बसला.

ईस्टरनंतर चुलतभाऊ फेबियनच्या नव्या घराला आशीर्वाद द्यायला फादर आले. हॉलच्या भिंतीवर शेवटचं भोजन लावलेलं होतं.

"हे आपल्या आग्नेलच्या कंपनीचं!" फेबियनने सगळ्यांना सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आग्नेलची आई त्या कोरीव फळीसमोर बराच वेळ उभी होती. एकेक चेहरा तिने जवळ जाऊन पाहिला. मग हळूच विचारलं, "यातला आपला कोन हाय का रं?"

"नाय, आये. मशीनचं काम हाय."

"मंग बरोबर," म्हणत ती खुर्ची शोधायला गेली.

जेवणं झाल्यावर फेबियनने त्याला कोपऱ्यात घेतलं. बेडरूमसाठी एक क्रूस हवा होता, स्टाफच्या भावात.

"सोमवारी ऑफिसात ये," आग्नेल म्हणाला. "कॅटलॉग दाखवतो."