पाचवी गोळी

माझा धाकटा भाऊ कुलपं दुरुस्त करतो, आणि डॉक्टरबाई मला म्हणाल्या, त्याच्या गोळ्या कुलपात ठेवा. मला हसूच फुटलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं?

"हसू नका," बाई म्हणाल्या. दारू सुटून त्याला आठ महिने झाले होते. लहानपणापासूनचं त्याचं 'एक ना धड भाराभर चिंध्या' मात्र सुटलं नव्हतं. त्याला आता नाव मिळालं होतं, एडीएचडी, म्हणजे चित्त एका जागी न ठरण्याचा विकार. त्याच्यावरच्या गोळ्या लागू पडतात. पण ज्याला व्यसन होतं त्याला त्यांचीही चटक लागू शकते. म्हणून रोज सकाळी एकच, तीही बहिणीच्या हातून. महिनाअखेरीला गोळ्यांची पेटी दवाखान्यात आणायची, तिथे मोजणार. एक जरी कमी भरली तर गोळ्या बंद.

आणि बंद होऊन चालणारच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा हा माणूस एक कुलूप पुरं करून मग दुसऱ्याला हात लावत होता!

मी पत्र्याची पेटी आणली, कुलूप आणलं आणि चावी साखळीत ओवून गळ्यात घातली. महिनाभर आंघोळीलासुद्धा काढली नाही. मानेवर पुरळ उठलं. "चांगलं आहे हो कुलूप, ताई," तो गालातल्या गालात हसत म्हणायचा. मी डोळे वटारायची.

मधे एक दिवस मात्र सगळं बिनसलं. नणंदेला दवाखान्यातून घरी आणायचं म्हणून मी सकाळीच धावतपळत निघाले होते. संध्याकाळी येऊन बघते तर सहा कुलपं खोलून पडलेली, स्क्रू चहाच्या कपात, दुधाचा जळून कोळसा. मी आधी त्याचं तोंड हुंगलं. वास नव्हता. तरी अर्धा तास आग पाखडली. तो कपातले स्क्रू वेचत राहिला.

मोजणीच्या दिवशी दवाखान्यात पेटी टेबलावर ठेवली, गळ्याला हात लावला आणि माझं धाबं दणाणलं. त्या सकाळी पुरळाला मलम लावताना पहिल्यांदाच काढलेली साखळी न्हाणीघराच्या खिडकीत राहिली होती.

"आज मोजणी नाही, तर पुढची चिठ्ठी नाही," नर्सबाई म्हणाल्या.

मी भावाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"उघड की रे!"

"मी?"

"नाही, शेजारचे काका!"

"अगं, यांच्यादेखत उघडलं तर या काय म्हणतील..."

"उघड, मेल्या!" मी केसातला आकडा काढून त्याच्या हातात कोंबला.

नर्सबाईंनी चष्मा नाकावर चढवेपर्यंत कुलूप टेबलावर.

डॉक्टरबाईंच्या भुवया कपाळात गेल्या. "म्हणजे हे तुम्ही कधीही उघडू शकत होता?"

"कधीही," तो म्हणाला. "जरा जोरात शिंकलं तरी उघडेल."

झालं! संपलं सगळं, असं मला वाटलं. सव्वीस दिवस झाले होते, म्हणजे तीसपैकी चार उरायला हव्या होत्या. नर्सबाई मोजू लागल्या. एक, दोन, तीन, चार. मी श्वास सोडला.

"पाच," त्या म्हणाल्या. "एक जास्त आहे. कुठला तरी दिवस चुकलाय."

भाऊ आपल्या चपलेकडे बघत राहिला. मला एकदम ते जळलेलं दूध आठवलं.

"त्या दिवशी मी तुला दिलीच नाही?"

"घाईत होतीस तू."

"मग मागायची ना, गाढवा! नाहीतर उघडायची!"

"मागितली असती तर तू माझं तोंड हुंगलं असतंस. तसंही हुंगलंसच म्हणा," तो म्हणाला. "आणि उघडली असती तर तुला पुन्हा कधी झोप लागली नसती."

मला रडू कोसळलं, सगळ्यांसमोर. लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

डॉक्टरबाईंनी पुढच्या महिन्याची चिठ्ठी लिहिली. "ताई, रोज आठवणीनं द्या आता. आणि ते कुलूप तेवढं बदला."

मी नाक पुसलं आणि पेटी काखेत मारली.

"कशाला?" मी म्हटलं. "चांगलं आहे हो कुलूप."