शेवंतीचा खुराक

शेवंतीने जांभई दिली की काशी तोंड फिरवायची. घोडीच्या श्वासाला लसणाचा वास मारत होता. फोडणीतल्या खमंग लसणाचा नव्हे. ओलाव्यात पडून कुजलेल्या, बोटांना चिकटणाऱ्या लसणाचा.

"लसूनघास खाते ना ती. वास येनारच," तिचा नवरा शेखर म्हणायचा.

काशी लहानपणापासून लसूणघास कापत आलेली. नावातच काय तो लसूण, गवताला हिरवा गोडसर वास. पण शेखरला उत्तर देणं म्हणजे त्याचं भाषण ओढवून घेणं, म्हणून ती शेण काढायला लागायची.

म्हसा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावात पांढरी घोडी त्यांच्याकडेच. मुरबाड-शहापूरकडची लग्नं आली की नवरदेव शेवंतीवर बसायचा. शेखरला तिच्या फोटोंचं वेड. मोबाइलवर कुणी सांगितलं केसांना चमक येते, त्याने पावडरीचा एक डबा आणला. दुसऱ्याने सांगितलं खुरं मजबूत होतात, दुसरा आणला. मग ताकदीचा तिसरा. गिरणीतल्या कोंड्यात तिन्ही कालवून तो पाटी भरून पुढे ठेवायचा. घोडी आधी हुंगून मागे सरायची. मग तो गूळ घालायचा.

आयाळ-शेपूट विंचरताना केसांचे झुबकेच्या झुबके फणीत येऊ लागले. खाली कातडी खपल्या धरलेली, ओलसर, गुलाबी. काशीने फणी टाकून दिली आणि हात साबणाने घासून घासून धुतला.

"जुने केस जातायत, नवे येतील," शेखर म्हणाला, आणि केसांच्या डब्यातला चमचा वाढवला. पुढे खुराच्या वरच्या कडेला, केस संपतात तिथे गोलाकार भेग पडली, तेव्हा खुराच्या डब्यातलाही वाढवला. भेगेतून पातळ घाण गळायला लागली. घोडी एकेक पाय उचलून धरायची. तेव्हा मात्र काशीने त्याला न विचारता मुरबाडच्या जनावरांच्या डॉक्टर नेहाताईंना फोन केला.

नेहाताईंनी घोडी तपासली, रक्त काढून घेतलं, तिचं तोंड हुंगलं. मग तिन्ही डबे ओट्यावर मांडून त्यांच्यावरचं बारीक छापलेलं वाचलं.

"सेलेनियम," त्या म्हणाल्या. "ह्यात आहे, ह्यातही आहे, आणि ह्यातही. नावं वेगळी, आत तेच. तोंडाला लसणाचा वास येतो तोही ह्याचाच. रिपोर्ट येऊ दे, पण मला तरी दुसरं काही वाटत नाही."

"ताकदीचंच हाय ना ते, डॉक्टर?" शेखर म्हणाला.

"शरीराला लागतं, पण अगदी कणभर. त्याच्यापुढे थोडं जरी गेलं तरी विष. केस गळाले म्हणून तुम्ही पावडर वाढवलीत, म्हणजे ज्याने गळाले तेच जास्त घातलंत."

शेखर डब्यांवरच्या घोड्याच्या चित्राकडे बघत राहिला.

"मग आता काय घालायचा?" काशीने विचारलं.

"आधी हे सगळं बंद. पोटभर चांगलं सुकं गवत, त्याच्याबरोबर थोडी लसूणघास. कोंडा मूठभरच, नुसत्या कोंड्यावर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडतं, हाडं पोकळ होतात. मीठ चाटायला वेगळं. काय कमी आहे ते रक्तात कळेल. मग लागलंच तर एकच मिश्रण, तिच्या वजनाच्या हिशेबाने, काट्यावर तोलून. एकावर दुसरं चढवायचं नाही. आणि खूर उतरून नवा येईपर्यंत डांबरावर एक पाऊल नको. खाली जाड पेंढा टाका."

शेखरने मान डोलावली. नेहाताई डबे बरोबर घेऊन गेल्या.

त्याच आठवड्यात काशी माहेरी हळदीला गेली. माहेर सिद्धगडाच्या पायथ्याला. तिथे अंबाड्याला लावायला म्हणून तिने पिशवीत हात घातला तर केसांचं गंगावन नव्हतं. घरी राहिलं असेल, असं तिला वाटलं. संध्याकाळी परतली तर गोठा रिकामा. पेंढ्यावर बुटाच्या काळ्या पॉलिशची डबी उघडी पडलेली. शेखर फोन उचलेना. शहापूरचं लग्न त्याने घेतलेलं होतं आणि रद्द केल्याचं सांगितलं होतं. काशी तशीच किन्हवलीमार्गे शहापूरला जाणाऱ्या जीपमध्ये बसली.

वरातीत बँड वाजत होता. दिव्यांच्या झगझगाटात शेवंती उभी होती, पाठीवर नवरदेव. खुरांच्या भेगा काळ्या पॉलिशने बुजवल्या होत्या आणि पॉलिशमधून पू वर आला होता. आयाळीच्या जागी जरीचं कापड. शेपटीच्या बुंध्याला सुतळीने घट्ट बांधलेलं काळं गंगावन लोंबत होतं. काशीचं. लग्नाकार्यात ती ते अंबाड्यात खोवायची. आता ते शेणाने माखलं होतं.

ती रस्त्याच्या कडेला वाकली आणि पोटात होतं नव्हतं ते ओकली. मग पदराने तोंड पुसून थेट नवरदेवापाशी गेली.

"दादा, उतर. हिचा पाय सडलाय. खाली बघ."

मुलाने वाकून पाहिलं आणि तो उतरला. बँड थांबला. शेखर गर्दीतून पुढे आला.

"काशे, लोकांसमोर तमाशा करू नको. दोन पावलं तर राहिलीत मांडवाला."

"तुमी चला ती दोन पावलं," काशी म्हणाली. तिने लगाम त्याच्या हातातून काढून घेतला.

टेम्पोवाला शेखरच्याच ओळखीचा, पण घोडीचे पाय बघून त्याने लगेच फळी लावली. घरी येईपर्यंत काशी मागे शेवंतीजवळ उभी राहिली. तो वास नाकात भरला होता. या वेळी तिने तोंड फिरवलं नाही.

रिपोर्ट आला, नेहाताईंचा अंदाज बरोबर निघाला. गवत काशी घालते, कोंडा तीच मुठीने मोजते, मिश्रण तीच काट्यावर तोलते. पावसाळा सरता सरता आयाळ बोटभर उगवली. जुना खूर खाली सरकून वरून नवा, गुळगुळीत आला आहे. घोडी अजून लंगडते. पुन्हा वरातीत चालेल की नाही, ते नेहाताईही सांगत नाहीत.

शेखर डॉक्टरांची माफी मागून आला. बायकोची मागायला त्याला जमलं नाही. एकदा तो गोठ्याच्या दारात उभा राहिला.

"आन, पाटी मी ठेवतो."

"नको," काशी म्हणाली. "तुमी गवताचा भारा आना."

त्याने आणला. दाराशीच ठेवला. जेवायला बसल्यावर तो वाढून घ्यायला डाव उचलतो, तेव्हा ती त्याच्या बोटांकडे बघते. तिला पॉलिश दिसतं, सुतळीची गाठ दिसते. बोटं रोज धुतलेली असतात, हे तिलाही दिसतं. ती आपलं ताट उचलते आणि मागच्या पडवीत जाऊन जेवते.